साखळी अपघातात चूक कोणाची? धडकांचा हिशेब आणि विम्याचे दावे

दोन गाड्या धडकल्या की वाद दोघांत मिटतो किंवा चिघळतो. चार-पाच गाड्या एकमेकींवर आदळल्या की मात्र प्रत्येक चालकाची वेगळी कहाणी तयार होते. मधले सगळे सांगतात, "मला मागून ढकललं." सगळ्यात मागचा सांगतो, "पुढच्याने अचानक ब्रेक मारला." आणि पंचाईत अशी की यातला कोणीही खोटं बोलत नसू शकतो.

म्हणून "अपघात कोणामुळे झाला?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याचं एकच एक उत्तर बहुतेक वेळा नसतंच. विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा जाणता सर्व्हेअर असो वा न्यायालय, ते अपघाताच्या सुट्या धडका करतात. पहिली धडक कोणाची कोणाला, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक धडकेत चूक कोणाची आणि त्या धडकेने नेमकं काय मोडलं, हे वेगवेगळं तपासतात. त्यामुळे एकच चालक एका धडकेत पूर्ण दोषी आणि पुढच्या धडकेत पूर्ण निर्दोष निघू शकतो. तुम्हीही पहिल्या मिनिटापासून याच पद्धतीने विचार करा. पुरावे गोळा करण्यापासून दावा लिहिण्यापर्यंत सगळं त्यावर अवलंबून आहे.

जागेवर: आधी जीव, मग क्रम

साखळी अपघातात पहिला धक्का बसून गेला म्हणजे संपलं, असं समजू नका. मागून येणारी गाडी कधीही उरलेल्या ढिगात घुसू शकते. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून बंपर बघणं हा यातला सगळ्यात धोकादायक प्रकार. धोक्याचे दिवे लावा आणि चालता येत असेल तर रस्त्याच्या कठड्यापलीकडे जा. दाट धुक्यात किंवा वेगवान रस्त्यावर, मागून गाड्या येतच असतील आणि बाहेर पडणं अशक्य असेल, तर सीटबेल्ट लावून आत बसणं एकवेळ बरं. जखमींना मदत मागवा आणि पोलिसांना कळवा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, माहिती द्यावी लागते. इतर देशांत मुदत वेगळी असेल, पण कळवण्याचं बंधन बहुतेक ठिकाणी आहे.

सुरक्षित जागी पोचलात की फोनवर स्वतःच्या आवाजात एक टिपण करा. त्यात तीन गोष्टी हव्यात: तुम्हाला एकूण किती धक्के बसले, ते कोणत्या बाजूने आणि कोणत्या क्रमाने बसले, आणि पहिल्या धक्क्याच्या वेळी तुमची गाडी चालू होती की थांबलेली. आठवण तासाभरात बदलते. चार लोकांशी बोलल्यावर तर ती त्या चौघांची होऊन बसते.

शक्य असल्यास तुमच्या पुढच्या गाडीच्या चालकालाही विचारा, "तुम्हाला एक धक्का बसला की दोन?" हा प्रश्न साधा वाटतो, पण मधल्या गाडीची बाजू अनेकदा यावरच उभी राहते किंवा पडते. पुढच्याला एकच धक्का बसला असेल, तर मधली गाडी आधी थांबली होती आणि मागून ढकलली गेल्यामुळे पुढे आदळली, ही शक्यता बळकट होते. दोन धक्के बसले असतील तर मधली गाडी आधी स्वतःच आदळली असावी आणि नंतर मागचीने तिला पुन्हा ढकललं असावं.

फोटो काढताना लोक स्वतःच्या गाडीवरचा चरा दहा वेळा टिपतात आणि बाकी रस्ता विसरतात. उलट करा. गाड्या हलवण्याआधी लांबून सगळी रांग एका चौकटीत घ्या: गाड्यांचा क्रम, त्यांच्यातली अंतरं, चाकं कोणत्या दिशेला वळलेली आहेत, काचा आणि सांडलेलं तेल कुठे आहे, रस्ता ओला आहे का. मग प्रत्येक गाडीची पुढची आणि मागची बाजू नंबरप्लेटसह टिपा. ज्या गाडीचा तुमच्या गाडीला स्पर्शही झालेला नाही, तिचाही फोटो घ्या. तिसऱ्या गाडीचं पुढचं टोक किती चेपलंय यावर तुमच्या गाडीचा निकाल लागू शकतो, आणि ती गाडी उद्या कुठल्या गॅरेजला गेली याचा पत्ता तुम्हाला लागणार नाही.

प्रत्येक चालकाचं नाव, फोन, परवाना, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक घ्या. साक्षीदार म्हणून गाडीतले नातेवाईक फारसे उपयोगी नसतात. बाजूच्या लेनमधून सगळं पाहिलेला आणि निघायच्या घाईत असलेला माणूस खरा मोलाचा. त्याचा नंबर आधी घ्या. "चूक माझीच" किंवा "चूक तुझीच" असले निवाडे रस्त्यावर करू नका आणि तसं लिहिलेल्या कागदावर सहीही करू नका. धडकांचा क्रम अजून तुम्हालाच माहीत नसतो. युरोपात चालक एक सामाईक अपघात-निवेदन फॉर्म भरतात. तो दोन गाड्यांसाठी केलेला असतो, म्हणून साखळी अपघातात पुढच्या गाडीसोबत एक आणि मागच्या गाडीसोबत दुसरा असा भरायचा असतो. ती सवय कुठेही उचलण्यासारखी आहे.

क्रम उलगडतो कसा

पत्रा बोलतो, फक्त तो वाचता यायला हवा. मधल्या गाडीचं उदाहरण घेऊ. तिचं मागचं नुकसान प्रचंड आणि पुढचं किरकोळ असेल, तर ती ढकलली गेली हे पटण्यासारखं आहे. पण पुढचं टोक पार चेपलेलं आणि मागे बंपरला नुसता तडा गेलेला असेल, तर "मला ढकललं" हे टिकत नाही. मागून आलेल्या हलक्या धक्क्यातून पुढे तेवढी ऊर्जा येणार कुठून?

दुसरी खूण उंचीची. जोरात ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि शेपूट वर उचलली जाते. त्यामुळे ब्रेक लावत आदळलेल्या गाडीचा पुढचा मार समोरच्या बंपरवर नेहमीपेक्षा खाली बसतो. थांबलेली गाडी पुन्हा आपल्या उंचीवर आलेली असते. समोरच्या गाडीवरचे चरे आणि मागच्या गाडीच्या पुढच्या भागातलं मोडतोडीचं ठिकाण जमिनीपासून मोजलं की तज्ज्ञ या फरकावरून बरंच काही सांगतात. तुम्ही फोटोत बाजूला मोजपट्टी धरली तर त्यांचं काम सोपं होतं. जुन्या तारेच्या बल्बमध्ये आणखी एक खूण सापडते. पेटलेल्या, तापलेल्या तारेला धडक बसली तर ती ताणून वाकडी होते आणि थंड तार बहुधा तशीच राहते किंवा कडकन तुटते. त्यावरून ब्रेकदिवा लागलेला होता का, ते कळतं. एलईडी दिव्यांमध्ये ही खूण मिळत नाही.

रस्त्यावर टायरच्या खुणा नाहीत, म्हणजे ब्रेक लावलाच नाही, असा निष्कर्ष अजूनही ऐकू येतो. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आल्यापासून तो मोडीत निघाला आहे. अशा गाडीच्या खुणा पुसट असतात किंवा दिसतही नाहीत.

सगळ्यात मौल्यवान पुरावा गाडीच्या आतच असतो. अनेक गाड्यांत एअरबॅगच्या नियंत्रकात धडकेची नोंद ठेवणारं उपकरण असतं. धडकेआधीचे साधारण पाच सेकंद वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलेला होता, हे त्यात साठतं. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ते सक्तीचं आहे. एअरबॅग उघडली असेल तर ती नोंद सहसा कायमची जतन होते, पुसली जात नाही. एअरबॅग न उघडलेल्या धडकेची नोंद मात्र पुढच्या घटनेने पुसली जाऊ शकते. म्हणून वाद मोठा दिसत असेल, विशेषतः कोणी गंभीर जखमी असेल, तर गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात देण्याआधी "नोंद जतन करा" असं पत्र सगळ्या विमा कंपन्यांना लेखी पाठवा. ट्रक किंवा बस गुंतलेली असेल तर त्यांच्या मालकालाही जीपीएसच्या नोंदी आणि ब्रेकच्या देखभालीचे कागद जपून ठेवायला लेखी सांगा. मोठ्या वाहनांच्या विमा कंपन्यांची माणसं लगेच कामाला लागतात. तुम्ही आठवडाभर थांबलात तर ते तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत पुढे बसवलेल्या कॅमेऱ्याचं, मेमरी कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा, कारण कॅमेरा जुन्यावर नवं लिहीत जातो. त्यातलं घड्याळ किती पुढे-मागे आहे, तेही टिपून ठेवा. टोलनाके, पेट्रोलपंप आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण फार दिवस ठेवलं जात नाही. मागणी ताबडतोब आणि लेखी करा.

चुकीची वाटणी

जवळपास सगळीकडे सुरुवात एका गृहीतकापासून होते: मागून धडक देणाऱ्याने पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं. हे गृहीतक आहे, निकाल नव्हे. ते खोडता येतं. फक्त खोडायचं ओझं मागच्या चालकावर असतं.

अंतराचं गणित एकदा नीट पाहू. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी पुढे अजून ३५ मीटर लागतात. एकूण ६८. "दोन सेकंदांचं अंतर ठेवा" हा नियम पाळणारा याच वेगात ४४ मीटर मागे असतो. एरवी तेवढं पुरतं, कारण पुढची गाडीही ब्रेक लावल्यावर ३५ मीटर सरकतच थांबते. पण पुढची गाडी स्वतः कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर ते ३५ मीटर तुम्हाला मिळतच नाहीत. नियम पाळूनही तुम्ही आदळता. साखळी अपघात वाढत जातो तो बऱ्याचदा याच कारणाने. म्हणूनच तुमच्या पुढची गाडी ब्रेक लावून थांबली की धडकून थांबली, हे जबाबात स्पष्ट आलंच पाहिजे. जर्मन खटल्यांत हा युक्तिवाद नेहमी दिसतो. इतर ठिकाणीही चांगला वकील तो सोडत नाही.

आता चार गाड्यांची एक रांग घ्या. पहिली सगळ्यात पुढे थांबलेली. दुसरी तिच्यामागे व्यवस्थित अंतर ठेवून थांबली. तिसरी वेगात आली, दुसरीवर आदळली आणि दुसरी ढकलली जाऊन पहिलीवर गेली. काही सेकंदांनी चौथी तिसरीवर आदळली. पहिलीचं मागचं आणि दुसरीचं पुढचं-मागचं नुकसान तिसरीच्या खात्यावर जातं. तिसरीचं मागचं नुकसान चौथीच्या. तिसरीचं पुढचं तिचं तिनेच सोसायचं, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीतून. इथपर्यंत सोपं आहे. आता समजा पहिलीच्या चालकाला दोन धक्के बसले. म्हणजे चौथीचा धक्का रांगेतून पुढेपर्यंत पोचला आणि दुसरीच्या नुकसानीत चौथीचाही काही वाटा आला. पत्र्याचं नुकसान असं वाटता येतं. दुसरीत बसलेल्या माणसाची मान दुखावली असेल, तर ती पहिल्या धक्क्याने की दुसऱ्या, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकणार नाही.

इथे कायदा कामाला येतो. भारतीय कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. जखमी माणसाची स्वतःची काहीच चूक नसेल आणि दोन किंवा अधिक चालकांच्या हयगयीने इजा झाली असेल, तर तो पूर्ण भरपाई त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. ज्याने पैसे भरले त्याने नंतर बाकीच्यांशी हिशेब करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं. जखमीचीही चूक असेल तर मात्र त्याच्या वाट्याची टक्केवारी भरपाईतून वजा होते. म्हणून मागे बसलेल्या प्रवाशाने "चौघांपैकी नक्की कोणावर दावा करू?" यात गुंतून पडू नये. सगळ्या गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्यांना प्रतिवादी करावं.

टक्केवारीचे नियम देशागणिक पार उलटे आहेत. इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यानुसार तुमच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई घटते. तिथल्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये सीटबेल्ट न लावणाऱ्यांसाठी मापच घालून दिलं: बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात, कमी झाली असती तर १५ टक्के. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ९० टक्के दोषी माणूसही उरलेले १० टक्के मागू शकतो. टेक्सासमध्ये ५० टक्क्यांहून जास्त दोष असला की हाती काहीच येत नाही. अलाबामात तर स्वतःची एक टक्का चूकही दावा बुडवू शकते. आणि न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या शारीरिक इजेची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, चूक कोणाची हे विचारलंच जात नाही. इंटरनेटवर वाचलेला सल्ला कुठल्या देशातला आहे, हे आधी बघा ते यासाठी.

दोन गुन्हेगार हमखास निसटतात. एक म्हणजे मध्ये घुसून, सगळ्यांना ब्रेक मारायला लावून निघून गेलेली गाडी. तिचा कोणालाही स्पर्श झालेला नसतो, म्हणून तिची नोंद होत नाही. पोलिसांच्या जबाबात तिचा उल्लेख पहिल्याच दिवशी यायला हवा. महिन्याने आठवलेल्या गाडीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरा म्हणजे धुक्याआड लपणारा चालक. "धुक्यामुळे अपघात झाला" हे बातमीत ठीक आहे, दाव्यात नाही. दिसत नसेल तर वेग कमी करणं ही चालकाचीच जबाबदारी मानली जाते. सप्टेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेप्पी पुलावर दाट धुक्यात सुमारे १५० वाहनं एकमेकांवर आदळली, तरी सुदैवाने कोणी दगावलं नाही. इतक्या मोठ्या अपघातात प्रत्येक धडक सुटी करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून जर्मनीतल्या विमा कंपन्यांनी अशा महा-अपघातांसाठी आपसात ठरवून टाकलं आहे, की कोणाची किती चूक हे न खोदता ठरावीक प्रमाणात पैसे द्यायचे. मला हा शहाणपणा वाटतो. पण तो मोजक्याच ठिकाणी लागू आहे, त्यावर विसंबू नका.

दावा: कोणत्या दारातून जायचं

तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर दोन वाटा आहेत. गाडीचं नुकसान स्वतःच्या कंपनीकडून घ्यायचं, किंवा दोषी गाडीच्या थर्ड पार्टी विम्याकडून, म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान भरून देणाऱ्या विम्याकडून, मागायचं. तीनहून अधिक गाड्या असतील तर माझा कौल बहुतेक वेळा पहिल्या वाटेला. समोरच्या तीन कंपन्या "चूक दुसऱ्याच्या ग्राहकाची" म्हणत महिने काढतात आणि तुमची गाडी गॅरेजमध्ये धूळ खात पडते. स्वतःच्या कंपनीने पैसे दिले की तुमचा वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो आणि पुढचं भांडण ती लढते. तुम्हाला स्वतः भरावी लागलेली ठरावीक रक्कम आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) यांचं काय होणार, हे आधी लेखी विचारा. नुकसान अगदी किरकोळ असेल तर बोनस गमावण्यापेक्षा दुसरी वाट परवडू शकते. एकच नुकसान दोन्हीकडून मागणं ही फसवणूक ठरते. मात्र एकीकडून जे मिळालं नाही, तेवढं दुसरीकडे मागता येतं.

कळवायचं मात्र लगेच. तुम्ही दावा करणार नसलात तरी कळवा, कारण रांगेतला कोणीतरी तुमच्यावर दावा करू शकतो आणि उशिरा कळवलं या कारणावरून तुमची कंपनी हात वर करू शकते. सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. त्याला नुसती गाडी दाखवू नका, धडकांचा क्रमही एका पानावर लिहून द्या: धडक क्रमांक, कोणी कोणाला, माझ्या गाडीचा कोणता भाग, पुरावा काय. पुढचं आणि मागचं नुकसान वेगवेगळ्या अंदाजपत्रकांत मागा. एकत्र अंदाजपत्रक दिलं की नंतर कोणाकडून किती वसूल करायचं, यावर घोळ होतो.

इतर कंपन्यांचे फोन येतील, गोड बोलतील, आणि तुमचं बोलणं रेकॉर्ड होत असेल. स्वतःच्या कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीनुसार बंधनकारक असतं. समोरच्या कंपनीला तपशीलवार जबाब देणं बहुतेक ठिकाणी नसतं. "लेखी विचारा, लेखी उत्तर देईन" एवढं पुरे. अंदाजे वेग, अंदाजे अंतर कधीही सांगू नका. तो आकडा नंतर तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवला जातो. प्रत्येक कंपनीचा दावा क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख यांची एक वही ठेवा. पाच गाड्यांच्या प्रकरणात दावा क्रमांकच डझनभर होतात.

शारीरिक इजेत घाई नडते. मानेचं आणि पाठीचं दुखणं अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. त्याच दिवशी तपासून घ्या आणि डॉक्टरला धक्के किती बसले, कोणत्या दिशेने बसले, ते सांगून कागदावर लिहून घ्या. "पूर्ण व अंतिम तडजोड" असं लिहिलेल्या पावतीवर उपचार संपेपर्यंत सही करू नका. त्या सहीने फक्त गाडीचा हिशेब मिटतोय की इजेचाही, हे शब्दाशब्दाने वाचा. दुसरीकडे, एकाच दोषी चालकाच्या पॉलिसीवर अनेक जखमींचे दावे येतात. तिला कमाल मर्यादा असेल तर ती लवकर संपू शकते. म्हणून रक्कम ठरायला वेळ लागला तरी दावा नोंदवायला उशीर नको.

दावा नाकारला किंवा तुमच्यावर न पटणारी टक्केवारी लादली, तर आधी कारण लेखी मागा: कोणत्या धडकेसाठी, कोणत्या पुराव्यावर. मोघम उत्तर आलं तर तुमचं धडकांचं पान, फोटो आणि साक्षीदाराचा जबाब जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथून विमा लोकपालाकडे किंवा तुमच्या देशातल्या तशाच यंत्रणेकडे. भारतात मृत्यू, इजा आणि तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. या प्रत्येक दाराला मुदत असते, आणि कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती आपोआप थांबत नाही. मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तिच्या महिनाभर आधी वकिलाला कागद दाखवा.